स्प्लिट मोजताना आकडा जुळत नाही: कधी एक जास्त, कधी कमी, कधी भलताच

हा प्रॉब्लेम दर थोड्या दिवसांनी कुणाला ना कुणाला येतोच. फायलोजेनेटिक झाड (कोण कुणाचं जवळचं नातेवाईक ते दाखवणारं) तेच, फाइल तीच, पण आर भाषेत एक आकडा येतो, पायथनमध्ये दुसरा आणि कागदावर सूत्राने काढला तर तिसराच. मग माणूस अलाइनमेंट (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणं) परत करतो, पॅकेज काढून परत टाकतो, व्हर्जन बदलून बघतो, रात्र घालवतो. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. सॉफ्टवेअरने जे मोजलंय ते बरोबरच मोजलंय, फक्त तुम्ही विचारलं होतं ते वेगळं.

सहा टिपांचं (टिप म्हणजे फांदीचं टोक, इथे एक प्राणी) छोटं झाड घेऊ म्हणजे हातानेही मोजता येईल. पँथेरा जीनसमधली पाच मोठी मांजरं आणि आउटग्रुप, म्हणजे तुलनेला घेतलेला गटाबाहेरचा नातेवाईक, म्हणून क्लाउडेड लेपर्ड, तो मेघालयचा राज्यप्राणी आहे तोच. न्यूविकमध्ये, म्हणजे झाड कंसांत लिहायच्या फॉरमॅटमध्ये, असं लिहिता येईल:

(क्लाउडेड,((वाघ,हिमबिबट्या),(जॅग्वार,(सिंह,बिबट्या))));

आता या झाडात स्प्लिट किती? १०, ९, ५, ४, ३ यापैकी कुठलंही उत्तर स्क्रीनवर येऊ शकतं, आणि पाचही आकडे कशाचे ना कशाचे तरी बरोबर आहेत.

स्प्लिट म्हणजे झाडाची एक ब्रांच तोडली की टिपांचे जे दोन गट पडतात ती विभागणी, बस. लग्नाच्या हॉलमध्ये वधूपक्षाची यादी हातात आली की उरलेले आपोआप वरपक्षाचे, दुसरी यादी करून नवीन काही कळत नाही. तसंच वाघ आणि हिमबिबट्या एका बाजूला म्हटलं काय किंवा उरलेले चौघं एका बाजूला म्हटलं काय, स्प्लिट एकच. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण कोड लिहिताना नेमकी हीच निसटते.

१० हा आकडा म्हणजे वरच्या रूटेड झाडातल्या (ज्यात सगळ्यांच्या मूळ पूर्वजाची जागा, म्हणजे रूट, ठरलेली असते) एकूण ब्रांच, सूत्र २एन−२, एन म्हणजे टिपांची संख्या. पण रूटला लागून असलेल्या दोन ब्रांच, म्हणजे क्लाउडेडकडे जाणारी आणि उरलेल्या पाच जणांकडे जाणारी, यातली कुठलीही तोडा, विभागणी तीच होते. एक वजा केली की ९, म्हणजे २एन−३, हे वेगवेगळे स्प्लिट. त्यातले ६ ट्रिव्हियल, म्हणजे एक टिप एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे, हे कुठल्याही झाडात असतातच, त्यातून झाडाबद्दल काही कळत नाही. ते काढले की ३ उरतात: सिंह आणि बिबट्या, वाघ आणि हिमबिबट्या, आणि जॅग्वार-सिंह-बिबट्या. एन−३. कामाचा आकडा बहुतेक वेळा हाच असतो आणि पेपरमध्येही साधारण हाच अपेक्षित असतो.

मग ५ आणि ४ कुठून आले? ते आरमधल्या एप पॅकेजच्या प्रॉप-डॉट-पार्टचे आहेत, आणि आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे इथेच अडकलेले असतात. एकच झाड दिलं तर हे फंक्शन प्रत्येक आतल्या नोडखाली (नोड म्हणजे ब्रांच जिथे फुटतात ती जागा) कुठकुठल्या टिप आहेत त्याची यादी देतं. लक्षात घ्या, नोडखाली. ब्रांच नाही. वरच्या झाडात आतले नोड ५, म्हणून यादीची लांबी ५, आणि त्यातली पहिली नोंद चक्क सगळ्या सहा टिपांची असते कारण ती रूटची. अनरूट करून, म्हणजे रूट काढून, परत चालवलं तर ४. त्यातली ती सगळ्यांची नोंद वजा केली की ३ मिळतात. म्हणजे अनरूटेड झाडावर लांबी वजा एक हे चालतं, रूटेडवर चालत नाही, आणि लोक नेमकं रूटेडवर वजा एक करून ४ लिहून मोकळे होतात.

एकने जास्त येतोय

रूटेड झाडात तो जास्तीचा एक नेहमी एकाच कारणाने येत नाही, म्हणून डुप्लिकेट काढूनही कधी जातो आणि कधी जात नाही आणि मग गोंधळ अजून वाढतो.

वरच्या झाडात आउटग्रुप एकटा आहे. रूटची नोंद काढली की उरतात चार क्लेड (एका नोडखालचे सगळे मिळून एक क्लेड), त्यातला एक म्हणजे पाचही पँथेरा एकत्र. दिसायला हा मोठा छान पाच जणांचा गट आहे, पण दुसऱ्या बाजूला एकटा क्लाउडेड आहे, म्हणजे हा ट्रिव्हियलच, फक्त वेश बदलून आलेला. तुमचा फिल्टर जर ‘एकच टिप असेल तर काढ’ एवढंच बघत असेल तर हा त्यातून सुटतो. फिल्टरने दोन्ही बाजू बघायला पाहिजेत: गटात १ टिप असेल तरी काढा आणि एन−१ असतील तरी काढा.

आता आउटग्रुपमध्ये दुसरा क्लाउडेड लेपर्ड घाला, बोर्निओ-सुमात्राचा, आता ती वेगळी जात मानतात:

((क्लाउडेड,सुंदा),((वाघ,हिमबिबट्या),(जॅग्वार,(सिंह,बिबट्या))));

टिप झाल्या ७, एन−३ म्हणजे ४ यायला पाहिजेत. रूट सोडून क्लेड येतात ५. या वेळी ट्रिव्हियल कुणीच नाही, पण दोन क्लाउडेडचा गट आणि पाच पँथेरांचा गट हे एकमेकांचे पूरक आहेत, म्हणजे एकच स्प्लिट दोनदा मोजला गेलाय. इथे एन−१ वाला फिल्टर काही करत नाही, पूरक गट ओळखून डुप्लिकेट काढावा लागतो.

दोन्ही भानगडींवर औषध एकच, आधी अनरूट करा, मग मोजा. एपमध्ये अनरूट नावाचंच फंक्शन आहे. चालवायच्या आधी आणि नंतर इज-डॉट-रूटेड विचारून बघा, दोन सेकंदांचं काम आहे. रूटमधून दोनच ब्रांच निघत असतील तर एप झाड रूटेड धरतं, तीन किंवा जास्त निघत असतील तर अनरूटेड, शिवाय रूट-एज नावाची जोड असेल तरी रूटेड धरतं. हे शेवटचं विसरू नका, तीन फांद्या दिसतायत तरी रूटेड म्हणतंय असं का, याचं उत्तर तिथे असतं.

आणि पायथनमध्ये डेंड्रोपाय लायब्ररी वापरत असाल तर हीच फाइल तिथे वेगळी वाचली जाते. न्यूविकच्या आधी रूटेड असल्याची खूण नसेल तर डेंड्रोपाय झाड अनरूटेड समजतं, आणि एन्कोड-बायपार्टिशन्स (बायपार्टिशन म्हणजे स्प्लिटच) चालवताना रूटवरचा दुफाटा आपणहून मोडून तिफाटा करतं. म्हणून एपमध्ये एक जास्त आणि डेंड्रोपायमध्ये बरोबर असं चित्र दिसतं आणि लोक म्हणतात एपमध्ये बग आहे. बग नाही, दोघांनी एकाच ओळीचा अर्थ वेगळा लावलाय. न्यूविक फॉरमॅटच मुळात असा आहे, कंसात झाड लिहायचं तर कुठून तरी सुरुवात करावीच लागते, मग ती सुरुवात खरा रूट आहे का नुसती लिहायची सोय आहे ते फॉरमॅटला सांगता येत नाही. (१९८६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हर गावात न्यूविक्स नावाच्या सीफूड हॉटेलात बसून लोकांनी हा फॉरमॅट पक्का केला, नाव तिथलंच. जेवताना ठरवलेल्या गोष्टी इतकी वर्षं पुरतात हेच खूप.) डेंड्रोपायच्या यादीत टिपांच्या ब्रांचही असतात हेही धरून चला, प्रत्येक बायपार्टिशनला इज-ट्रिव्हियल विचारून त्या गाळा. आणि झाड छाटलं किंवा रूट हलवला की बायपार्टिशन परत अपडेट करा, नाहीतर जुन्याच झाडाचा हिशोब हातात राहतो.

नुसता आकडाच हवा असेल तर आरमध्ये ट्रीटूल्स पॅकेजचं एनस्प्लिट्स वापरा, ते वेगवेगळे स्प्लिट मोजण्यासाठीच आहे. पहिल्या झाडाला ३ येतील, रूटेड दिलं तरी. आणि शेजारी स्प्लिट्स-इन-बायनरी-ट्री नावाचं फंक्शन आहे, ते एवढ्या टिपांच्या पूर्ण दुफाट्या झाडात किती असायला हवेत ते सांगतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की अर्धा प्रश्न सुटतो.

कमी येतोय

एन−३ पेक्षा कमी आला की लोक घाबरतात, पण हे बऱ्याचदा खरंच असतं. झाडात पॉलिटॉमी असेल, म्हणजे अनरूटेड झाडात एका नोडला तीनपेक्षा जास्त ब्रांच जोडलेल्या असतील, तर स्प्लिट कमी असणारच. कन्सेन्सस झाड (अनेक झाडांत जे जुळतं तेवढंच ठेवलेलं) असेल तर शंभर टक्के आधी तेच तपासा.

इथे एक फार वाईट सल्ला फिरतो की एपचं मल्टी-टू-डीआय चालवा म्हणजे आकडा बरोबर येतो. येतो, मान्य, कारण ते फंक्शन पॉलिटॉमी मोडून शून्य लांबीच्या ब्रांच घालतं आणि डिफॉल्टला तर कुठल्या कशाही क्रमाने घालतं. म्हणजे आकडा जुळवायला तुम्ही डेटात नसलेले स्प्लिट स्वतः तयार केले. दुसऱ्यांदा चालवलं तर वेगळेच येतील. काही फंक्शनला दुफाटं झाडच लागतं तिथे हे वापरणं समजू शकतो, पण स्प्लिट मोजायला कधीच नाही.

याच्या उलटा प्रकारही आहे. एकसारखे सिक्वेन्स असलेल्या टिप असतील तर मॅक्सिमम लाइकलिहुडचे (डेटा ज्यावरून सगळ्यात संभाव्य ठरतो असं झाड शोधणारे) प्रोग्राम तरीही दुफाटंच झाड देतात, आणि त्यातल्या ब्रांचची लांबी अगदी बारीक असते पण शून्य नसते. अशाच आयक्यू-ट्री प्रोग्राममध्ये ही किमान लांबी डिफॉल्टला ०.०००००१ असते (अलाइनमेंट फार लांब असेल तर त्याहून कमी). आणि एपचं डीआय-टू-मल्टी, जे बारीक ब्रांच मिटवून पॉलिटॉमी करतं, त्याची डिफॉल्ट मर्यादा ०.०००००००१. दोन आकड्यांकडे नीट बघा. प्रोग्रामने ठेवलेली किमान लांबी ही मिटवायच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, म्हणून डीआय-टू-मल्टी चालवूनही काहीच मिटत नाही आणि माणूस म्हणतो फंक्शन चालत नाही. मर्यादा हाताने वाढवा, आधी लांब्यांचा हिस्टोग्राम काढून कुठे दरी पडते ते बघून. आरएएक्सएमएल-एनजी हा तसाच दुसरा प्रोग्राम तर अशा वेळी अशा ब्रांच मिटवलेलं झाड वेगळ्या फाइलमध्ये स्वतःच देतं, नावात कोलॅप्स्ड असं असतं, ती फाइल कुणी उघडतच नाही.

स्वतः लिहिलेला कोड असेल आणि झाड मोठं असेल तर कमी यायचं अजून एक कारण, आणि हे सापडायला महाकठीण आहे कारण एरर येत नाही. स्प्लिट साठवायची सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक टिपला एक बिट द्यायचा आणि सगळा गट एक आकडा म्हणून ठेवायचा. पहिली टिप १, दुसरी २, तिसरी ४, असं. आरमधले साधे आकडे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ इथपर्यंतच अचूक असतात. त्याच्या पुढे गेलं की खालचे बिट गळायला लागतात, मग ६० टिपांच्या झाडात दोन वेगळे स्प्लिट, जे फक्त पहिल्या टिपने वेगळे आहेत, ते एकच आकडा होऊन बसतात आणि युनिक म्हटलं की एक गायब. २० टिपांवर टेस्ट केलेला कोड बरोबर चालतो, खऱ्या डेटावर गपचूप चुकतो. पायथनच्या साध्या इंटिजरला ही अडचण नाही, तो हवा तेवढा वाढतो, पण नमपाय लायब्ररीच्या ६४ बिटी फ्लोट कॉलममध्ये टाकला की परत तेच. आकडा करूच नका, शून्य-एकची सरळ स्ट्रिंग ठेवा, थोडी मेमरी जाईल तर जाऊ दे.

स्ट्रिंग म्हणताना, टिपांची नावं नुसती एकाला एक चिकटवून स्प्लिटची ओळख बनवत असाल तर मध्ये विभाजक टाका आणि आधी सॉर्ट करा. टी१ आणि टी१२ अशी नावं असतील तर विभाजकाशिवाय काय होईल ते सांगायला नको.

डुप्लिकेट काढूनही डुप्लिकेट उरतात

पूरक गट ओळखायला बरेच जण नियम करतात की नेहमी छोटी बाजू ठेवायची. ऐकायला बरोबर वाटतं. पण वरच्या सहा मांजरांच्या झाडातच बघा, जॅग्वार-सिंह-बिबट्या एकीकडे आणि क्लाउडेड-वाघ-हिमबिबट्या दुसरीकडे, तीनाला तीन. छोटी बाजू कुठली? कोड जी आधी दिसेल ती ठेवतो, एका झाडात एक आणि दुसऱ्या झाडात दुसरी, आणि एकच स्प्लिट दोन म्हणून मोजला जातो. टिप सम असतील तर हे कधी ना कधी होणारच. त्यापेक्षा एक टिप ठरवून टाका, समजा नावांच्या क्रमाने पहिली येते ती, आणि जी बाजू तिच्याशिवाय आहे तीच नेहमी ठेवा. बरोबरीचा प्रश्नच येत नाही.

दुसरं म्हणजे एकच पोर असलेले नोड. हाताने फाइल एडिट केली किंवा टिप छाटल्या की कधी कधी असा नोड मध्येच राहतो ज्याच्यातून एकच ब्रांच पुढे जाते, मग त्याच्या वरची आणि खालची ब्रांच एकच स्प्लिट देतात. चित्रात हे दिसत नाही कारण रेघ सरळच असते. एपमध्ये कोलॅप्स-सिंगल्स आहे त्यासाठी.

खूप झाडं एकत्र असतील तर

बूटस्ट्रॅपची (डेटातून परत परत नमुने उचलून काढलेली) हजार झाडं देऊन वेगवेगळे स्प्लिट किती म्हणून विचारलं तर आकडा एन−३ पेक्षा मोठा येणार, यात चूक काही नाही, प्रत्येक झाड आपले स्प्लिट घेऊन येतं. सहा टिपांवर एकूण शक्य नॉन-ट्रिव्हियल स्प्लिट २५ आहेत, सूत्र २ चा एन−१ वा घात वजा एन वजा १, त्यामुळे २५ च्या वर काही आलं तर मात्र गडबड नक्की.

गडबड जवळजवळ नेहमी नावांची असते. हिमबिबट्या पूर्वी अनसिया नावाच्या वेगळ्या जीनसमध्ये होता, आता पँथेरात आहे, आणि जुन्या आणि नव्या फाइली एकत्र केल्या की एकाच प्राण्याची दोन नावं होतात. डेंड्रोपाय अवतरणचिन्हं नसलेल्या नावातला अंडरस्कोअर स्पेस करून वाचतं, एप तसाच ठेवतं, मग एकातून काढलेली यादी दुसऱ्याशी जुळवली की एकही नाव जुळत नाही. डेंड्रोपायमध्ये अंडरस्कोअर जपायचा पर्याय आहे, तो सुरू करा. आणि टिपांचा क्रम. एपमध्ये प्रत्येक झाड आपल्या टिपांना स्वतःच्या क्रमाने नंबर देतं, त्यामुळे एका झाडातला ३ नंबर आणि दुसऱ्या झाडातला ३ नंबर वेगळे प्राणी असू शकतात. नंबरवर स्प्लिट जुळवले की सगळं चुकतं आणि तरी आकडा मात्र पटण्यासारखा येतो. प्रॉप-डॉट-पार्टला नावं तपासायचा पर्याय आहे, तो बंद करून वेग वाढवायच्या फंदात पडू नका.

पकडायला दोन युक्त्या. पहिली, १९७१ च्या ब्युनमनच्या निकालावरून: एकाच झाडातले कुठलेही दोन स्प्लिट घ्या, एकाच्या दोन बाजू आणि दुसऱ्याच्या दोन बाजू यांचे चार छेद काढा, त्यातला किमान एक रिकामा असलाच पाहिजे. चारही भरलेले निघाले तर ते दोन स्प्लिट एका झाडात असूच शकत नाहीत, म्हणजे तुमच्या यादीत घोळ आहे, बहुधा क्रमाचाच. अर्ध्यापेक्षा जास्त झाडांत आलेल्या स्प्लिटनाही हाच नियम लागू, कारण असे कुठलेही दोन घेतले तरी निदान एका झाडात ते एकत्र असणारच. दुसरी, रॉबिन्सन-फाउल्ड्स अंतर, १९८१ चं, दोन झाडं एकमेकांपासून किती वेगळी ते सांगणारं. पहिल्याचे स्प्लिट अधिक दुसऱ्याचे वजा सामाईकांची दुप्पट. दोन्ही झाडं पूर्ण दुफाटी आणि टिप त्याच असतील तर हे अंतर सम यायलाच हवं आणि २ × (एन−३) च्या वर जाऊच शकत नाही. विषम आलं की एकात पॉलिटॉमी आहे किंवा एकच झाड रूटेड मोजलं गेलंय. ईटीई ही पायथनची लायब्ररी वापरणाऱ्यांना तर ते स्वतःच अडवतं, अनरूटेड झाडाचा पर्याय दिल्याशिवाय तक्रार करतं. ती तक्रार बंद करायची म्हणून झाडाला कसाही रूट देऊ नका, तो पर्याय चालू करा.

बूटस्ट्रॅपचे आकडे झाडावर लिहिलेले असतील तर अजून एक. तो आकडा ब्रांचचा असतो, म्हणजे स्प्लिटचा, पण न्यूविकमध्ये तो नोडच्या नावाच्या जागी लिहिला जातो. रूट हलवला की काही प्रोग्राम आकडा नोडबरोबर ठेवतात आणि तो भलत्याच ब्रांचला लागतो. स्प्लिटची संख्या बरोबर राहते, फक्त ‘७० च्या वरचे किती’ मोजलं की उत्तर चुकीचं येतं. म्हणून आकडे आधी मोजून घ्या, रूट नंतर हलवा, किंवा हलवल्यावर मूळ बूटस्ट्रॅप झाडांवरून परत काढा.

एवढं करूनही जुळत नसेल तर प्रश्न टाकताना पूर्ण हजार झाडांची फाइल चिकटवू नका, कुणी उघडत नाही. एकच झाड घ्या, टिप छाटत छाटत सहा-सातवर आणा, जोवर चूक दिसतेय तोवर छाटत राहा, आणि ती न्यूविकची एक ओळ टाका. सोबत इज-डॉट-रूटेडचं उत्तर, पॅकेजचं व्हर्जन, आलेला आकडा, आणि तुम्हाला किती अपेक्षित होते व त्यात ट्रिव्हियल धरलेत का नाही, एवढं लिहा.